डोहापासून दर्यापर्यंत : प्रस्तावना

महाराष्ट्रातील सुवासिनींच्या नथीत, चिंचपेटीत आणि तन्मण्यात, त्यांच्या कानांतील कुड्यांत आणि पेशवाईतील सरदारांच्या पगडीवरील तुऱ्यात जे मोती पिढ्यान्‌पिढ्या शोभले, ते कोणी, कोणत्या समुद्रात आणि किती खोल बुडी मारून वर आणले, हा प्रश्न आपल्या अलंकारांच्या इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे. ‘बसरा मोती’ या नावाने जे रत्न आपल्या घराघरांत ओळखले जाते, ते इराणच्या आखातात अरब पाणबुड्यांनी श्वास रोखून काढलेले असे. तेथून ते मुंबईच्या बाजारात येई, येथील जव्हेरी त्याची पारख करून वर्गवारी लावीत, आणि मग ते कोठे पुण्याच्या पेठेत तर कोठे थेट पॅरिसच्या पेढीवर पोहोचे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्यांना स्वतंत्र अध्याय असून त्यात सिंहल, ताम्रपर्णी, सौराष्ट्र अशी मोत्यांची आठ उत्पत्तिस्थाने गणली आहेत. त्या गणनेत कोकणाचे नाव नाही. मोत्यांच्या बाबतीत आपला मुलुख प्राचीन काळापासून खरेदीदाराचा राहिला, आणि ज्याने वस्तू केवळ विकत घेतली त्याला ती मिळविणाऱ्याच्या श्रमांची जाणीव सहसा उरत नाही.

या आखाती व्यापाराला जो जबर तडाखा बसला तो जपानातून. सन 1893 च्या जुलै महिन्यात तोबा गावासमोरील एका लहानशा बेटावर मिकिमोतो कोकिची या गृहस्थाने शिंपल्यात मुद्दाम बीज ठेवून अर्धगोल मोती पिकविला; पुढील पंधरा-वीस वर्षांत त्याच देशातील संशोधकांनी पूर्ण गोल मोत्याची युक्ती साधली, आणि 1930 च्या सुमारास, जागतिक मंदीचीही त्यात भर पडून, नैसर्गिक मोत्यांचा भाव असा कोसळला की आखातातील बंदरे ओस पडली आणि मुंबईतील अनेक पेढ्यांच्या वह्या बंद झाल्या. हा इतिहास अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यामागे उभ्या असलेल्या स्त्रिया मात्र फारशा कोणाला परिचित नाहीत. आणि पुढील पृष्ठांचा विषय या स्त्रिया व त्यांच्या आपल्याकडील भगिनी हाच असल्याने, त्यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे.

जपानच्या मिए प्रांतातील तोबा व शिमा या किनारी भागात ‘आमा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया समुद्रात बुडी मारून अबालोनी नावाचे कानाच्या आकाराचे शिंपले, शंखवर्गीय प्राणी, समुद्री साळू आणि ज्यापासून अगर-अगर तयार होते ते शेवाळ काढतात. श्वासाचे कोणतेही यंत्र न घेता, सुमारे पन्नास-साठ सेकंद दम धरून, आठ-दहा मीटर खोलीपर्यंत त्या जातात. हातात खडकाला घट्ट चिकटलेला शिंपला उचकटण्यासाठी लोखंडी पहार असते, आणि वर आल्यावर ओठांतून हळूहळू श्वास सोडताना जी दीर्घ शीळ उमटते तिला समुद्रकाठची शीळ असेच नाव आहे. काही आमा किनाऱ्यावरून एकट्या पोहत जातात. काही होडीतून जातात, कमरेला दोर बांधतात, जड वजन धरून झपाट्याने तळ गाठतात, आणि वरच्या होडीतला माणूस, जो बहुधा पतीच असतो, दोराला झटका बसताच त्यांना ओढून घेतो. डोक्यावरील पांढऱ्या फडक्यावर एका रेषेत काढलेला पंचकोनी तारा आणि उभ्या-आडव्या रेषांची जाळी अशी दोन चिन्हे जांभळ्या धाग्याने भरलेली असतात. समुद्रातील अपदेवतांपासून ती रक्षण करतात अशी श्रद्धा आहे. काम आटोपले की किनाऱ्यावरील झोपडीत शेकोटीभोवती बसून त्या अंग शेकतात, आणि कोणत्या खडकाच्या कपारीत काय आहे, पाणी कोणत्या दिशेने ओढते आहे, ही विद्या तेथेच वडीलधाऱ्या बायकांकडून धाकट्यांकडे जाते.

या परंपरेतील दोन गोष्टी मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली ही की मोती हा आमांच्या उपजीविकेचा मुख्य आधार कधीच नव्हता. मिकिमोतोच्या मोतीशेतीत शिंपले तळातून वर आणणे, बीज भरल्यावर ते पुन्हा खाली ठेवणे, वादळ आले किंवा समुद्राचे पाणी तांबडे होऊन विषारी बनले की ते हलविणे, ही कामे त्यांनी केली. परंतु त्यांचे घर चालले ते खाद्य शिंपल्यांवर आणि शेवाळावर. दुसरी गोष्ट त्यांच्या संयमाची. मिए प्रांतात 10.6 सेंटिमीटरपेक्षा लहान अबालोनी काढण्यास मनाई आहे, बुडीचे दिवस आणि वेळ गावोगावच्या मच्छीमार संस्था ठरवितात, आणि अंगाला ऊब देणारे रबरी पोशाख आले तेव्हा त्यामुळे माणूस फार वेळ पाण्यात राहील व खडक रिकामे होतील या भयाने काही गावांनी त्यांच्या वापरावरही बंधने घातली. सुगाशिमा बेटावर दरवर्षी जुलैत होणाऱ्या उत्सवात आमा नर-मादी अबालोनीची पहिली जोडी मिळविण्यासाठी चढाओढ करतात, आणि ती जोडी आधी देवाला जाते. इसे येथील महामंदिराला जाणारा वाळविलेल्या अबालोनीचा नैवेद्यही तोब्याजवळच्या कुझाकी गावातूनच परंपरेने सिद्ध होत आला आहे.

पाण्यात बुडी मारण्याचे काम स्त्रियांकडेच का, याचे उत्तर त्यांच्या शरीरातील मेदाच्या थरात शोधण्याची चाल आहे. ते निखालस खोटे नसेल. पण इराणच्या आणि मन्नारच्या आखातांत हेच काम पुरुष करीत, हे ध्यानी घेतले म्हणजे शरीरशास्त्रापेक्षा घरातील श्रमविभागणीकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. पुरुष होड्या घेऊन दूर दर्यात गेले की घरापासून हाकेच्या अंतरावरील पाणी स्त्रीच्या वाट्याला येते, आणि मुलेबाळे, शेती, चूल सांभाळून दोन तासांत जे मिळविता येईल ते ती मिळविते. कोरियाच्या जेजू बेटावरील हेन्यो स्त्रियांची कथा हीच आहे. आणि मी म्हणतो की पालघर जिल्ह्यातील स्त्रियांची कथाही मूलतः हीच आहे.

येथे वाचक थबकेल. या पुस्तकाचा प्रवास सुरू होतो ते या जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके डोंगरातले. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले जव्हार हे महादेव कोळी मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी, तेथील राजवाडा, शिवाजी महाराज व जव्हारचे राजे विक्रमशहा यांच्या 1664 मधील भेटीची स्मृती सांगणारा शिरपामाळ, दाभोसा धबधबा, मोखाड्याचा बोहाडा उत्सव, वारली चित्रे, हे सर्व प्रसिद्ध आहे. पण तेथे समुद्र कोठला आणि शिंपले कोठले? उत्तर नद्यांकडे आहे. मोखाड्याच्या उत्तर अंगाचे पाणी वाघ व लेंडी या नद्यांनी दमणगंगेला जाते. दक्षिण व पश्चिम अंगाचे पाणी पिंजाळ आणि सूर्या या नद्यांनी वैतरणेला मिळते. आणि वैतरणा अर्नाळा व दातिवरे या दोन गावांच्या मधून समुद्रात शिरते. म्हणजे जव्हारच्या डोंगरावर आषाढात कोसळलेले पाणी ज्या खाडीत उतरते, त्याच खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी बायका शिंपल्या वेचीत असतात. एका दिवसात जव्हारहून विक्रमगड, मनोर, पालघर या वाटेने केळवे, एडवण, दातिवरे येथपर्यंत जाण्याचा जो प्रवास पुढे वर्णिला आहे, तो या पाण्याचाच प्रवास आहे.

डोंगरातील स्त्रियांची जलविद्या आधी पाहू. पहिला पाऊस पडून ओहोळ वाहू लागले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढतात. हे वलगणीचे दिवस. तेव्हा वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा सर्वच घरांतून लहानमोठी माणसे रात्री-अपरात्री शेताच्या बांधांकडे धावतात, आणि टोपली, हातजाळी, बांबूच्या कामट्यांचे सापळे असे जे हाताशी असेल त्यात मासे अडवितात. याच दिवसांत बिळांतून बाहेर पडणारे मुठे म्हणजे काळे खेकडे मिळतात. पावसाळा सरून प्रवाह क्षीण झाले की डोहांचा हंगाम येतो. कमरेएवढ्या पाण्यात ओळीने उतरून, पायांनी चिखल ढवळून, दगडांखाली हात घालून बायका झिंगे, वाम, मरळ पकडतात. गेळ्याची फळे ठेचून पाण्यात कालविली की मासे गुंगतात हे ज्ञान सह्याद्रीत जुने आहे. आणि उन्हाळ्यात पाणी आणखी खाली गेले की वाळूत अर्धवट रुतलेल्या शिंपल्या तळव्याला लागतात. डोळ्यांनी दिसण्यापूर्वी त्या पायाला कळतात. ही पारख लहानपणापासून आईमागून डोहात उतरलेल्या मुलीलाच येते.

या काळपट, दिसायला अगदी सामान्य शिंपलीचा थोडा अधिक परिचय करून द्यायला हवा. गोड्या पाण्यातील तिच्या काही जातींच्या आतील अस्तराला मोत्याचीच झळाळी असते. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने 1980 च्या दशकाच्या अखेरीस याच जातींत बीज ठेवून मोती पिकविण्याची पद्धत सिद्ध केली. त्याआधी 1973 मध्ये तुतीकोरिन येथे के. अलगरस्वामी यांनी समुद्री शिंपल्यात भारतातील पहिला संवर्धित मोती मिळविला होता. जपानी मोत्याच्या गाभ्यात जो गोल मणी असतो तो दीर्घकाळ अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्याच्या नद्यांतील शिंपल्यांच्या कवचापासून घडविला गेला, म्हणजे समुद्राच्या त्या सुप्रसिद्ध रत्नाच्या पोटात नदीचाच तुकडा बसलेला असतो. आणि नदीतील शिंपलीचे जीवन माशांवाचून चालत नाही: तिची सूक्ष्म पिल्ले माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही काळ वाढतात, त्याच्याबरोबर प्रवाहात वर-खाली जातात आणि मग तळाशी गळून आपापली जागा धरतात. ज्या नदीत मासा चढू शकत नाही, त्या नदीतून कालांतराने शिंपलीही जाते.

आता खाली किनाऱ्यावर येऊ. सातपाटी हे पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले बंदर, तेथील मच्छीमारांच्या सहकारी संस्थांची परंपरा, 2023 मध्ये पापलेटला मिळालेले राज्यमाशाचे पद, या गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या लेखनात मांगेला, वैती व कोळी समाजांतील स्त्री दिसते ती बहुधा टोपली घेऊन बाजारात बसलेली. ओहोटीला खडकावर उकिडवी बसून, टोकदार लोखंडी हत्याराने कालवाचे वरचे कवच फोडून आतला गर अलगद डब्यात घेणारी स्त्री त्यात फारशी दिसत नाही. कालव खडकाला जन्मभरासाठी चिकटलेले असते; त्याची कड पात्यासारखी धारदार, त्यामुळे बोटांवर जुन्या-नव्या जखमांच्या रेघा कायमच्या. वाळूमिश्रित चिखलात तिसऱ्या आणि शिवल्या हाताने उकराव्या लागतात, खाडीच्या गाळात निवट्या व चिंबोऱ्या बिळांतून काढाव्या लागतात, आणि हे सर्व पाणी परत फिरण्यापूर्वी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार चढते आणि तितकेच फार हटते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगात ते ना धड चढते ना धड हटते. म्हणून या स्त्रियांचे आठवडे वारांनी नव्हे, तिथींनी मोजले जातात. जपानी आमेसारखी बुडी मारण्याची गरज त्यांना पडत नाही, कारण येथील भरती-ओहोटीतील अंतर इतके मोठे आहे की समुद्र स्वतःच आपला तळ उघडा करून देतो. तळाचे ज्ञान मात्र दोघींना सारखेच लागते, आणि हातातले लोखंडही जवळजवळ सारखेच.

डोंगर आणि दर्या यांचा संबंध केवळ नदीचा नाही, व्यवहाराचाही आहे. सातपाटी, डहाणूकडे बांबूच्या मांडवांवर वाळलेले बोंबील, सुकट, वाकट्या जव्हार-मोखाड्याच्या आठवडी बाजारांत येतात आणि पावसाळ्याच्या उपासमारीच्या दिवसांत नागलीच्या भाकरीबरोबर तेच कालवण असते. दिवाळीनंतर घरे बंद करून जी कुटुंबे कामासाठी खाली उतरतात, त्यांतील बरीच माणसे वीटभट्ट्यांवर जातात, तर काही पुरुष मच्छीमारी बोटींवर खलाशी होतात. डहाणूजवळ विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेत गडावर जो ध्वज लागतो तो जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येतो, आणि त्या यात्रेत डोंगरातला वारली व किनाऱ्यावरचा मच्छीमार एकाच रांगेत उभे राहतात. निसर्गाचे नवे दान आधी देवाला, मग आपल्याला, हा दंडकही दोन्हीकडे आहे: डोंगरात कोवळ्या भाजीचा विधी झाल्याखेरीज पावसाळी रानभाजी खाल्ली जात नाही, आणि किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राला श्रीफळ अर्पण केल्याखेरीज होड्या लोटल्या जात नसत. सुगाशिमाच्या उत्सवाहून यात तत्त्वतः काहीच निराळे नाही.

निराळे आहे ते पुढे काय घडले ते. जपानने आमांच्या विद्येची नोंद केली. 1971 मध्ये तोबा येथे समुद्रावर जगणाऱ्या लोकांचे संग्रहालय स्थापन झाले. तेथे होड्या, जाळी, पहारी, वस्त्रे, गावोगावच्या गणनेचे आकडे जतन झाले, आणि त्या गणनेवरूनच आपल्याला हे कळते की 1956 मध्ये त्या देशात सतरा हजारांवर आमा होत्या आणि 2010 मध्ये जेमतेम दोन हजार उरल्या. ऱ्हास तेथेही थांबला नाही. परंतु काय नाहीसे होत आहे हे त्या राष्ट्राला ठाऊक आहे, आणि 2017 मध्ये तोबा व शिमा येथील आमांच्या बुडीकलेला राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकपरंपरेचा दर्जा मिळाला. जपानी माणसाची ही दृष्टी आपल्या जिल्ह्याने अनुभवलेलीही आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे, ज्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची वारली चित्रे जपानच्या निईगाता प्रांतातील तोकामाची येथील मिथिला संग्रहालयात आदराने जपली गेली आहेत. आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रविषयांपैकी एक आहे मासे पकडण्याचे जाळे. चित्रातले जाळे समुद्रापार पोहोचले. ते जाळे हाती धरणाऱ्या बायांना कोणत्या डोहात कोणता मासा कोणत्या नक्षत्रात मिळतो हे जे ठाऊक आहे, त्याचे दफ्तर मात्र आपल्याकडे कोणी सिद्ध केलेले नाही. सरकारी कागदांत मच्छीमार म्हणजे बोटीचा मालक. खडकावरची स्त्री आणि डोहातली स्त्री यांच्यासाठी त्या कागदांत स्वतंत्र रकाना नाही.

हे काम निकडीचे का, हेही सांगायला हवे. वैतरणेवर 1957 मध्ये मोडकसागर, 1973 मध्ये ऊर्ध्व वैतरणा आणि 2014 मध्ये मोखाडा तालुक्यातील शंभर मीटरहून उंच असे मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले, आणि या तिन्हींचे पाणी मुंबईची तहान भागविते. त्याच मोखाड्यात चैत्र-वैशाखात बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. पाण्यात उतरणारी स्त्री आपल्याकडे अशीही आहे, आणि तिच्या या उतरण्यात कोणतेही काव्य नाही. धरणाच्या भिंतीने मासा अडतो, मासा अडला की शिंपली अडते, आणि खाली खाडीला मिळणाऱ्या गोड्या पाण्याचे व गाळाचे प्रमाण बदलले की कालवांच्या खडकांवरही त्याचा परिणाम होतो. डहाणूजवळ वाढवण येथे 2024 मध्ये मंजूर होऊन पायाभरणी झालेल्या प्रचंड बंदराला मच्छीमारांनी जो विरोध केला, त्यात किनाऱ्याचे खडक आणि त्यांवरचे जीवन बुजण्याची चिंता मोठी होती. मुंबईला पाणी नको किंवा देशाला बंदर नको असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या उपजीविकेची मोजदादच झालेली नाही तिची नुकसानभरपाई कोणत्या हिशेबाने होणार, या प्रश्नाचे उत्तर योजना आखणाऱ्यांनी दिले पाहिजे. अलीकडे शेततळ्यांतून मोती पिकविण्याचे प्रशिक्षण अनेक ठिकाणी दिले जाते. ज्यांच्याजवळ बारमाही पाणी, भांडवल आणि शिंपलीवर शस्त्रक्रिया करण्याइतका सराव आहे त्यांनी ते अवश्य करावे. पण डोह आटू देऊन तळ्यात मोती पिकविणे हा डोहावर जगणाऱ्या बाईचा उद्धार आहे, असे मात्र कोणी सांगू नये.

पुढील पृष्ठे हातात घेऊन जो वाचक खरोखरच निघेल, त्याने पंचांग पाहून निघावे. ऐन अमावास्येला व पौर्णिमेला या किनाऱ्यावर मोठी ओहोटी भल्या पहाटे आणि सायंकाळी येते, दुज-तिजेला ती सकाळी आठच्या सुमारास असते. तेव्हा दुज किंवा तीज धरून जव्हारहून पहाटेच्या अंधारातच निघावे, म्हणजे पाणी हटलेले असताना खडकांवर पोहोचता येते, आणि परतीच्या वाटेवर दुपार कलल्यावर सूर्या किंवा पिंजाळेच्या काठी थांबता येते. पावसाळ्यात समुद्राच्या खडकांवर जाऊ नये. कामात असलेल्या बायकांचे छायाचित्र विचारल्यावाचून काढू नये. त्यांची वेळ पाण्याने बांधलेली असते, म्हणून बोलायचे ते डबा भरल्यावर बोलावे, आणि कालवे किंवा तिसऱ्या घ्यायच्या तर घासाघीस न करता घ्याव्या. बरोबर एक वही असू द्यावी, आणि मासा, शिंपली, खडक, डोह यांची जी नावे ऐकू येतील ती वारली, कोकणा, मांगेला जशी उच्चारतात तशीच, गाव आणि तिथी यांसह, तिच्यात लिहून ठेवावी. अशा पन्नास वह्या जमल्या तर या जिल्ह्याच्या जलविद्येचा पहिला कोश त्यांतून तयार होऊ शकेल.